पाचव्या भागातले साहेब

साहेबांनी आयुष्यात कुठलीही पाटी नुसती वाचून सोडून दिली नाही. कपड्याच्या दुकानात 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं लिहिलेलं असतं. तुम्ही-आम्ही ते वाचतो आणि पिशवी उचलून चालू लागतो. साहेब त्या पाटीखाली उभे राहायचे. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा एकदा वाचायचे आणि गल्ल्यावरच्या माणसाला अगदी नम्रपणे विचारायचे, "हे कोणी ठरवलं?"

तो बिचारा म्हणायचा, "मालकांनी."

"मालकांनी ठरवलं, ठीक आहे. व्यवहार दोघांचा आहे ना? मग मला विचारलं होतं का?"

मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असायची. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, तोवर दुकानाबाहेर जाऊन उभ्या राहिलेल्या असायच्या. त्यांनी संसारात निम्म्याहून जास्त खरेदी दुकानाबाहेर उभं राहून केली.

डोंबिवलीतल्या त्यांच्या लाँड्रीवाल्याची वेगळीच तऱ्हा झाली होती. पावतीच्या मागे पाच अटी छापलेल्या असायच्या. साहेब त्यातल्या तीन पेनाने खोडायचे आणि खोडलेल्या जागी लाँड्रीवाल्याची सही घ्यायचे. दर आठवड्याला. शेवटी त्याने हात जोडले. "वकीलसाहेब, तुमचा शर्ट मी जन्मात हरवणार नाही. पण मला सही मागू नका. मी तुम्हाला पावतीच देत नाही, चालेल?" साहेबांना हा मोठा विजय वाटला. ऑफिसात येऊन त्यांनी तो मला दोनदा सांगितला. त्यांच्या वाट्याला बहुतेक असलेच विजय यायचे.

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं टायपिस्ट होते. ठाण्याला कोर्टाजवळ, एका छापखान्याच्या वर त्यांची खोली होती. खाली मशीन सुरू झालं की माझं टेबल थरथरायचं आणि ओळी किंचित वाकड्या यायच्या. मी राहायची विठ्ठलवाडीला, स्टेशनपलीकडच्या चाळीत. साहेबांकडे येण्याआधी मी दोन वकिलांकडे जाऊन आले होते. दोघांनीही टायपिंगची परीक्षा घ्यायच्या आधी पूर्ण नाव विचारलं, आडनाव ऐकलं आणि 'कळवतो' म्हणाले. अजून कळवतायत. साहेबांनी नावच विचारलं नाही. हाताने लिहिलेलं एक पान पुढे सरकवलं आणि घड्याळ लावून बसले. टाइप झाल्यावर लाल पेन्सिलीने तपासलं आणि म्हणाले, "चार चुका. दोन तुमच्या, दोन माझ्या अक्षराच्या. उद्या साडेदहाला या, बाई." माझं आडनाव त्यांना कळलं ते महिना संपल्यावर, पगाराच्या व्हाउचरवर. त्यांनी ते वाचलं, सही केली आणि ड्रॉवर लावला. त्या एका गोष्टीसाठी मी पुढे त्यांचं पुष्कळ सहन केलं.

आणि सहन करण्यासारखं पुष्कळ होतं. मे महिन्यातही काळा कोट काढायचे नाहीत. एक वाजला की दोन केळी, उभ्यानेच. कोर्टातून तारीख पडून आले की अर्धा तास कोणाशी बोलायचे नाहीत, आणि तारखा तर रोजच पडायच्या. पक्षकार मोजकेच, कोलशेत-बाळकुमकडची, जमिनी कारखान्यांत गेलेली माणसं. बाळकुमची एक कोळीण सात वर्षं यायची. एकदा जिना चढून आली, टोपली दारात ठेवली आणि म्हणाली, "वकीलबाबा, तू भांडतंस बेस, पन जिकतंस कवा?" साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "भांडणं माझ्या हातात आहे, मावशी." ती माझ्याकडे बघून हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण तिच्या बाजूने निकाल लागणार नाही हे टाइप करता करता मला कळलेलं होतं.

त्यांचा आणखी एक हट्ट म्हणजे शिवण. बाकीच्या ऑफिसांत कागद फायलीला लावून वर फीत बांधायचे. साहेबांचा फितीवर विश्वास नव्हता. "फीत काय, कोणीही सोडेल. सुटा कागद हा हरवलेलाच कागद समजा." म्हणून आमच्याकडे प्रत्येक प्रकरण शिवायचं. कागदांचा गठ्ठा लाकडी फळीवर ठेवायचा, डाव्या कडेला टोच्या धरून हातोडीने तीन भोकं पाडायची आणि दाभणात जाड पांढरा दोरा ओवून घट्ट टाका घालायचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला हे स्वतः शिकवलं. मी चांगली शिवायची. पुढे तर शेजारच्या वकिलांकडूनही 'बाईंकडून जरा शिवून आणा' म्हणून गठ्ठे यायला लागले.

साहेबांच्या घरी टीव्ही होता, पण व्हिडिओ कधी आला नाही. त्याचं कारण काकूंनी मला सांगितलं होतं. मी येण्याच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. त्यांच्या सोसायटीत सत्यनारायणाच्या निमित्ताने वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला होता. रविवारी दुपारी तळमजल्यावरच्या रिकाम्या गाळ्यात सतरंज्या घातल्या, पोरं पुढे, बायका मागे. कॅसेट सुरू झाली आणि पडद्यावर सुरुवातीला ती सूचना आली, की ही कॅसेट फक्त घरगुती वापरासाठी आहे. साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, "थांबवा. हे घर नाही. हा गाळा आहे."

केवढा आरडाओरडा झाला! कोणी म्हणालं, बसा हो खाली. कोणी म्हणालं, वकिली कोर्टात करा. साहेब म्हणाले, "पाहू नका असं मी म्हणत नाहीये. ही सूचना घालायचा अधिकार त्यांना आहे का, हे आधी विचारू. नसेल तर उजळ माथ्याने पाहू." आणि खरोखरच त्यांनी दुसऱ्या दिवशी कॅसेटवरच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवलं. उत्तर येईपर्यंत आपल्या घरातलं कोणी पाहणार नाही, असं जाहीर केलं. त्यांचा मुलगा तेव्हा शाळेत होता. सतरंजीवरून उठून तो बापाच्या मागोमाग जिना चढला. वर आल्यावर आईला म्हणाला, "बाबांना उत्तर आलं की मला सांग." उत्तर कसलं येतंय!

हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मी साहेबांकडे लागले त्याच्या आदल्या वर्षी तो शिकायला अमेरिकेला गेला. पूल बांधणारा इंजिनिअर झाला. मधे एकदाच, तीन आठवड्यांसाठी आला होता, पण तेव्हा कोर्टाला सुट्टी होती आणि मी घरी होते. त्यामुळे मी त्याला पाहिलं ते टेबलावरच्या फोटोत. चौकोनी चेहरा, बापासारखे कान. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. काकू शनिवारपासून काय काय सांगायचं ते ठरवून ठेवायच्या. बोलणं घरगुती. जेवलास का, थंडी किती, शेजारच्यांच्या मुलीचं जमलं, असलं.

मग एका मंगळवारी फोन आला, आणि तो त्याचा नव्हता. बर्फाच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली होती. सगळं तिकडेच झालं. चौथ्या दिवशी साहेब ऑफिसात आले, कोट घालून. मला म्हणाले, "बाई, सोमवारची प्रकरणं काढा." मी काढली. एक वाजता त्यांनी केळी सोलली, हातात धरली आणि तशीच कचऱ्यात टाकली. मी मान खाली घालून टाइप करत राहिले. त्या दिवशी मी किती चुका केल्या ते त्यांनी मोजलं नाही.

तो गेला त्यानंतर दोन वर्षांनी ती डिस्क आली. शतक संपायला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं, आणि डीव्हीडी हा शब्द आमच्याकडे नवा होता. मुलाच्या तिकडच्या मित्राने पाठवली होती. मुलगा ज्या पुलावर काम करत होता, त्या पुलावर कोणीतरी माहितीपट काढला होता. पुलाच्या उद्घाटनाला थोड्या प्रती विकल्या, पुन्हा काढल्या नाहीत. मित्राने पत्रात लिहिलं होतं, 'सव्विसाव्या मिनिटाला तो येतो. चारएक मिनिटं आहे. पिवळं हेल्मेट घातलंय. पुलाच्या तारांविषयी सांगतो आणि सांगता सांगता एकदा हसतो.'

काकूंना हे पत्र पाठ झालं होतं. त्या घरात मुलाचे फोटो होते, पत्रं होती, पण हलता-बोलता मुलगा कुठेच नव्हता. आणि काकूंना घाई होती. त्यांना काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेलाच होता. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, "वर्षभर धरा. त्याच्या आधीही जाईल, सांगता येत नाही."

साहेबांनी ठाण्याच्या एका मोठ्या दुकानातून, पक्कं बिल घेऊन, डीव्हीडी प्लेअर आणला. त्या माणसाने हौसेची म्हणून घेतलेली ही मला माहीत असलेली एकमेव वस्तू. शनिवार होता, मी कागद घेऊन डोंबिवलीला त्यांच्या घरी गेले होते. काकूंनी केस विंचरले, चांगली साडी नेसल्या. टीव्हीच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर खुर्ची घेऊन बसल्या. साहेबांनी डिस्क आत सरकवली. पडदा निळा झाला. त्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की ही डिस्क या भागात चालणार नाही.

काकूंनी विचारलं, "आला का?"

साहेब पुन्हा पुन्हा ती ओळ वाचत होते. मग त्यांनी मशीनबरोबर आलेलं पुस्तक काढलं. शेवटून तिसऱ्या पानावर जगाचा नकाशा होता आणि त्याचे सहा भाग पाडलेले होते. अमेरिका पहिल्या भागात, आपण पाचव्या. आपल्याबरोबर आफ्रिका आणि रशिया. पहिल्या भागाची डिस्क पाचव्या भागाच्या मशीनवर चालू नये म्हणून दोन्हीकडून कुलूप. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मला पाचव्या भागात कोणी टाकलं?" ते म्हणाले. "डिस्क विकत घेतलेली. मशीन विकत घेतलेलं. दोन्ही माझं. मग मधे हा कोण?"

आता याचं प्रकरण होणार, हे त्या क्षणी मला कळायला हवं होतं.

माझ्या धाकट्या भावाचं विठ्ठलवाडी स्टेशनजवळ टीव्ही-व्हिडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. त्याला मी विचारलं तर तो हसला. "अगं ताई, दोन मिन्टाचं काम आहे. रिमोटवर नंबर दाबायचे. मी असे पाच-सहा खोललेत. तू फक्त घेऊन ये." मी सोमवारी साहेबांना सांगितलं. त्यांनी मला समोर बसवलं, जसं पक्षकाराला बसवायचे.

"कुलूप काढणं हा गुन्हा नाही, बाई. मी तीन दिवस कायदा वाचतोय. आपल्याकडे असं कलमच नाही."

"मग काढून घेऊ या ना, साहेब."

"काढलं की दोष उरला कुठे? ग्राहक मंचापुढे मी काय दाखवू? मशीन तर चालतंय म्हणतील. कुलूप आहे तोवरच तक्रार आहे."

"पण काकूंचे डोळे..."

"मला माहीत आहे." ते खिडकीकडे बघत म्हणाले. "आपण मागच्या दाराने आत गेलो की पुढचा दरवाजा कायमचा बंदच राहतो. तीन-चार महिन्यांचं काम आहे. ग्राहक मंच लवकर निकाल देतो."

मी खोटं कशाला बोलू, मला त्यांचा संताप आला. शनिवारी मी काकूंना परस्पर म्हटलं, साहेब कोर्टात असताना भावाला घेऊन येते, बघून घ्या, कोणाला कळणार नाही. काकू तांदूळ निवडत होत्या. बोटांनी चाचपून खडे काढत होत्या. एक खडा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "पोराला बघायचं ते चोरून कशाला गं? त्यांनाच म्हणावं, निकाल मागाहून लागू दे. मला आधी बघू दे." मी तेही साहेबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तक्रारीचा मसुदा माझ्यासमोर ठेवला.

सतरा पानांचा मसुदा होता. मी टाइप करत गेले. विकणाऱ्याने कुलूप असल्याचं सांगितलं नाही. जगाचा असा नकाशा करण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला. वस्तू विकल्यानंतर विकणाऱ्याचा हात तिच्यावर किती काळ राहतो. सगळं चोख होतं, पण सतरा पानांत 'मुलगा' हा शब्द एकदाही नव्हता. मी माझ्या मनाने तिसऱ्या पानावर एक वाक्य घातलं, की सदर डिस्कमध्ये तक्रारदाराच्या मयत मुलाचं चित्रण असून तक्रारदाराच्या पत्नीची दृष्टी जात आहे, सबब प्रकरण लवकर चालवावं. साहेबांनी लाल पेन्सिलीने ते खोडलं. कडेला लिहिलं, 'असंबद्ध.'

"साहेब, हे खरं आहे ना?"

"खरं आहे. पण हक्क मागताना दया मागायची नाही. मागितली की दयाच मिळते, हक्क मिळत नाही."

मी पान पुन्हा टाइप केलं. सगळे कागद एकत्र केले. बिल, हमीपत्र, ते मशीनचं पुस्तक, मित्राचं पाकीट. आणि मूळ पुरावा म्हणून डिस्क. डिस्क कागदी पाकिटात घालून एका कोऱ्या पानावर चिकटवली. साहेब म्हणाले, "पाकीट नीट बांधून घ्या बाई, नुसत्या डिंकावर भरवसा नको." म्हणून मी पाकिटाची कड शिवणीत घेतली. गठ्ठा जाडजूड झाला होता. वरचं भोक पडलं, खालचं पडलं, मधलं पडेना. मला वाटलं, मशीनच्या पुस्तकाचं गुळगुळीत पुठ्ठ्याचं कव्हर आड येतंय. मी हातोडीचा आणखी एक ठोका दिला. पडलं.

तीन-चार महिने म्हणता म्हणता नऊ झाले. एकदा दुकानदाराचा वकील आला नाही, एकदा मंचाचे एक सदस्य रजेवर, एकदा नुसतंच पुढे ढकललं. दर शनिवारी मी डोंबिवलीला जायची आणि दर शनिवारी काकूंचं काहीतरी कमी झालेलं असायचं. आधी त्या मला दारातून ओळखायच्या, मग आवाजावरून ओळखायला लागल्या. एकदा दुपारी मी गेले तर खोलीतला दिवा चालू होता. मी बंद केला, तर त्या म्हणाल्या, "लावलास का?" मी परत लावला. साहेब तिथेच बसले होते, समोर मशीनच्या पुस्तकाची झेरॉक्स उघडून. मूळ पुस्तक फायलीत शिवण्याआधी त्यांनी ती काढून घेतली होती आणि त्यातल्या नकाशावर बारीक अक्षरांत नोंदी करत होते. त्यांनी हे पाहिलं होतं. मला वाटलं, आता तरी ते उठतील. ते उठले नाहीत.

सुनावणीला मी गेले होते. मंचाच्या खोलीत टीव्हीही नव्हता आणि मशीनही नव्हतं. फाइल समोर होती, डिस्क फायलीत होती, ती कोणी काढून बघितलीसुद्धा नाही. दुकानदाराचा वकील म्हणाला, नकाशा पुस्तकात छापलेला आहे, वाचला नसेल तर आमचा काय दोष? साहेब ताडकन म्हणाले, "पुस्तक खोक्यात होतं, खोकं बंद होतं. विकत घेतल्याशिवाय तुम्ही खोकं उघडू देत नाही." खोलीत थोडं हसू आलं. फार चांगलं बोलले त्या दिवशी. मग एका सदस्य बाईंनी विचारलं. बाई पोक्त होत्या, आवाजात आपुलकी होती.

"वकीलसाहेब, इथे मिळणाऱ्या डिस्क लावा ना. या एकाच डिस्कचा एवढा आग्रह का? काय आहे हिच्यात?"

मी मागच्या बाकावर बसले होते. मनात म्हटलं, सांगा. आता सांगा.

"एक पूल आहे," साहेब म्हणाले. "कुठलीही डिस्क असती तरी प्रश्न हाच राहिला असता."

निकाल महिन्याने लागला. दीड पान. दुकानदाराने ही गोष्ट आधी सांगायला हवी होती, त्याने मशीन परत घेऊन किंमत द्यावी. आणि शेवटी एक वाक्य होतं, की असं कुलूप घालणं कायदेशीर आहे की नाही, या प्रश्नात जाण्याची मंचाला गरज वाटत नाही. साहेबांनी हे वाक्य उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. सतरा पानांतला तो एकच प्रश्न त्यांचा होता आणि तेवढाच सोडून बाकी सगळं त्यांना मिळालं होतं. त्यांनी दुकानदाराला पत्र सांगितलं की पैसे नकोत, मशीन राहू द्या. पत्र टाइप झाल्यावर त्यावर सही केली. मग म्हणाले, "बाई, तुमच्या भावाला येत्या रविवारी वेळ आहे का?"

काकूंचा डावा डोळा त्याआधी तीन आठवडे गेला होता. उजेड-अंधार तेवढा कळायचा.

फाइल परत मिळाली ती शनिवारी. ऑफिसात मी टाके उसवले, पाकीट काढलं आणि डिस्क हातावर घेतली. कडेजवळ टोच्याचं भोक होतं. तिथून आतल्या बाजूला, अंगठ्याच्या पेराएवढी एक चीर गेली होती. मला आधी काय पाहतेय ते कळेना. कळलं तेव्हा हातोडीचा तो शेवटचा ठोका आठवला. मी साहेबांच्या टेबलाशी गेले आणि डिस्क पुढे केली. "मी केलं," मी म्हटलं.

त्यांनी ती खिडकीशी नेली. बोट भोकावरून फिरवलं. खाली छापखान्याचं मशीन सुरू होतं, ते बंद झालं, पुन्हा सुरू झालं.

"पाकीट शिवणीत घ्यायला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले.

"साहेब, मला ठोका देताना कळायला हवं होतं."

"दोष कोणाचा हे ठरवायला नको, बाई. आपण हे प्रकरण न चालवता सोडून देऊ." त्यांच्या तोंडून असं वाक्य मी अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. मला रडू फुटलं. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि पाठ करून उभे राहिले.

रविवारी सकाळी भाऊ आणि मी डोंबिवलीला गेलो. त्याने रिमोट हातात घेतला, काही आकडे दाबले, मशीन बंद करून चालू केलं. "झालं," तो म्हणाला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटंही लागली नव्हती. मग भावाने डिस्क उजेडात धरली. "साहेब, भोक कडेला आहे. फिल्म छोटी असेल तर आतल्या साइडलाच असते. पण ही चीर लय आत आलीय. लागली तर लागली, मी काय गॅरंटी देत नाही."

काकू खुर्चीत बसल्या होत्या, त्याच साडीत. टीव्हीपासून हातभर अंतरावर, त्याच जागी. आता तिथे बसण्यात काही अर्थ नव्हता, पण तसं त्यांना कोण सांगणार?

डिस्क लागली. सुरुवातीला नदी दिसली, धुकं दिसलं, एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाने बराच वेळ काहीतरी सांगितलं. विसाव्या मिनिटानंतर चित्र फुटायला लागलं. पडद्यावर छोटे छोटे चौकोन येत, जात. पुढे ते थांबेचनात. सव्विसाव्या मिनिटाला तर सगळा पडदाच चौकोनांचा झाला. वरच्या बाजूला पिवळे, खाली करडे. आणि त्यातून आवाज आला. तरुण पुरुषाचा, भरभर, अमेरिकन वळणाच्या इंग्रजीतला. गिळलेले शब्द, लांबवलेले स्वर. मला त्यातलं जेमतेम निम्मं समजलं. मधेच आवाज अडकला, एक खरखर झाली आणि पुढच्या वाक्यापासून परत सुरू झाला. तो हसला होता ते बहुधा तेवढंच गेलं असावं.

काकू मान तिरकी करून ऐकत होत्या. मुलाने उभ्या आयुष्यात त्यांच्याशी मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत एक शब्द काढला नव्हता.

"हा कोण बोलतोय?" त्यांनी विचारलं.

"तोच आहे," साहेब म्हणाले.

"तो असा कुठे बोलायचा?" त्या साहेबांच्या दिशेने वळल्या. "दिसला का तुम्हाला?"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. पिवळे चौकोन हलत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द, साहेब. एक 'हो' म्हणा. कोण तुमची उलटतपासणी घेणार आहे?

"नाही," साहेब म्हणाले. "मला दिसला नाही."

त्या एका शब्दासाठी मी त्यांना कित्येक वर्षं माफ केलं नाही. साहेब जाऊनही आता बराच काळ लोटला, पण खरं सांगायचं तर अजूनही पुरतं केलेलं नाही. मी तेव्हा पुढे झाले. काकूंचा हात धरला आणि म्हटलं, "मला दिसला, काकू. तोच होता. पिवळं हेल्मेट होतं."

काकूंनी माझा हात काढून घेतला नाही. आवाजात रागही नव्हता. "तू त्याला कधी पाहिलं होतंस गं?" त्यांनी विचारलं.

साहेब खाली जमिनीकडे बघत होते. तो आवाज अजून बोलतच होता, वजन, वारा, तारांचा ताण, असलं काहीतरी. भावाला ते बघवेना. त्याने हळूच रिमोट उचलला. काकूंना त्याची चाहूल लागली असावी.

"बंद नको करूस रे," त्या म्हणाल्या. "कोणाचा तरी मुलगा आहे. बोलू दे त्याला."

मग तो आवाज संपेपर्यंत आम्ही चौघं तसेच बसून राहिलो.